पहिला मान मालकाचा

सह्याद्रीच्या उतरणीला परुळेकरांची कोकोची बाग होती. वर फणस आणि रतांबे, त्यांच्या सावलीत कोकोची झाडं, आणि त्याच सावलीत बसून बाया कोकोची फळं फोडत. थोरले मालक वारले आणि बाग धाकट्या तात्यासाहेबांकडे आली.

भर वैशाखात ते आले, मोठ्या फणसाखाली खुर्ची टाकून पन्हं प्याले आणि म्हणाले, "हे फणस, रतांबे नुसती जागा अडवतात. बायाही सावलीत रेंगाळतात. सगळी तोडा, फक्त कोको ठेवा!"

बायांचे हात थांबले. द्वारकाबाई मुकादमीण मात्र लगेच कुऱ्हाड आणि नारळ घेऊन आली.

"तात्यासाहेब, खुर्ची जरा उन्हात घ्या."

"का?"

"पेरणी असो की तोड, पहिला मान मालकाचा. सुरुवात तुमच्या फणसापासून."

मान नाकारायचा कसा? तात्यासाहेब उन्हात जाऊन बसले. द्वारकाबाईने बुंध्यापाशी नारळ वाढवला आणि एकेकीच्या हातावर ठेवत अगदी सावकाश प्रसाद वाटला. तोवर तात्यासाहेबांचं टक्कल तव्यासारखं तापलं. तिने कुऱ्हाड उचलताच ते ओरडले, "थांब! हा एक राहू दे. माणसाला बसायला सावली नको?"

द्वारकाबाईने कुऱ्हाड खाली ठेवली.

"हवी ना. तुम्ही घटकाभर उन्हात बसलात आणि ओरडलात. बाया पोटासाठी गप्प बसतील. आणि कोकोला तर खुर्ची उचलून सावलीतही जाता येत नाही."

तात्यासाहेब खुर्ची उचलून सावलीत आले आणि हळूच म्हणाले, "कुऱ्हाड घरी ने. आणि बायांना म्हणावं, बसा."