चिमूटभर जस्तभस्म

राजेसाहेबांच्या तळ्यातली मासळी मलूल झाली, तेव्हा तळं राखणारी भिवरा भोईण खाद्यात चिमूटभर जस्तभस्म मिसळू लागली. मासळी पुन्हा उसळ्या मारू लागली. खूश होऊन राजेसाहेबांनी हुकूम सोडला, "चिमूट कसली? उद्यापासून मूठभर घाला! आमच्या तळ्यात कंजुषी नको."

एवढ्या भस्मानं सगळी मासळी मेली असती. पण राजेसाहेबांना नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी राजेसाहेब तळ्यावर आले. भिवरानं त्यांना ओवाळायला तबक आणलं आणि मूठभर कुंकू घेऊन हात थेट त्यांच्या तोंडाकडे नेला.

"अगं, हे काय?"

"चिमूटभर कुंकवानं सरकार एवढे शोभतात, म्हटलं आज मूठभर लावावं."

राजेसाहेब चटकन मागे सरले आणि खो खो हसले. "चिमूटच बरी," ते म्हणाले, "आम्हालाही आणि मासळीलाही!"