ढिगाऱ्यातली भिंत

“भिंत आहे की नाही, एवढंच सांगा, मुकादम.”

सोनबा खैरे उत्खननाच्या चराच्या काठावर उकिडवे बसले होते. ते खाली बघत राहिले.

केतकी वर्तकने घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. म्हातारा आठच्या एस.टी.नं उतरला होता, दोन कप चहा प्यायला होता आणि तेव्हापासून त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

खाली चरात भिंत उभी होती. मातीची. अकरा मीटर लांब, दोन हात रुंद, गुडघाभर उंच, आणि सुतात सरळ.

नदीकाठच्या या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर तीन हजार वर्षांपूर्वी एक छोटं गाव नांदत होतं, हे पहिल्या हंगामातल्या खापरांवरून कळलं होतं. पण एवढ्याशा गावाला तट होता, हे सांगणारी ही भिंत केतकीला या हंगामात सापडली होती. तिनं ती स्वतःच्या हातानं मोकळी केली होती. सतरा दिवस ती त्या चरातून जेवायला म्हणूनच काय ती वर आली.

उद्या सकाळी विद्यापीठाची समिती येणार होती. भिंत ठरली तर तिसरा हंगाम मिळणार होता आणि टेकाड केतकीकडे राहणार होतं. नाही ठरली तर चर बुजवायचे, तंबू गुंडाळायचे आणि पुण्याला जाऊन कुणाच्या तरी हाताखाली खापरं मोजत बसायचं.

समितीचे अध्यक्ष डॉ. पेंडसे. त्यांना तिनं फोन केला, तेव्हा त्यांनी भिंतीची लांबी विचारली नाही की रुंदी विचारली नाही. एवढंच म्हणाले, “सोनबानं पाहिली का?”

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्याची डॉक्टरेट, जॉर्डनच्या वाळवंटातले दोन हंगाम, चार भाषांतले अहवाल तोंडपाठ... आणि शिक्कामोर्तब कुणाचं, तर सातवी पास मुकादमाचं!

तरी तिनं निरोप पाठवला, गाडी मात्र पाठवली नाही. लेकीकडे निवांत राहणारे सोनबा दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं हजर झाले. बुधवार होता, आठवड्याचा बाजार. मजुरांना सुट्टी होती. टेकाडावर दोघंच.

आता या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं. सोनबा खैरे यांनी शेहेचाळीस हंगाम माती उकरली. कच्छात नगरं उकरली, राजस्थानात नदीकाठची गावं उकरली. विदर्भातल्या दगडी वर्तुळांखालचे घोड्यांचे सांगाडे त्यांनी ब्रशनं मोकळे केले, कर्नाटकातल्या राखेच्या टेकड्या कापल्या, कोकणातल्या जुन्या बंदरात कमरेभर पाण्यात उभं राहून विहिरी उपसल्या. अहवालात त्यांचं नाव शोधायचं तर आभाराच्या पानावर, तेही शेवटून दुसरं. पण चरात सोनबांनी हात वर केला की मोठमोठे प्राध्यापक तोंडातलं वाक्य अर्धं सोडून गप्प व्हायचे. असा मान पदव्यांनी मिळत नाही, आणि केतकीलाही ते ठाऊक होतं. म्हणून तर राग जास्त येत होता.

“पाणी शिंपडून मातीच्या रंगातला फरक पाहिलाय मी,” ती म्हणाली. “सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घेतलेत. आणि ती बघा, भिंतीच्या अंगावरची काळी रेघ. राखेचा लेप दिला होता त्यांनी. दिसते ना?”

“दिसती.”

“मग?”

“खुरपं हाय का, ताई?”

केतकीनं आपलं खुरपं पुढे केलं. जॉर्डनहून आणलेलं, लाकडी मुठीचं, देखणं. सोनबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, मान डोलावली आणि परत दिलं. मग स्वतःच्या पिशवीतून एक काढलं. त्याचं पातं झिजून झिजून दोन बोटं उरलं होतं.

ते उठले. केतकीला वाटलं, आता चरात उतरतील.

ते उलट्या बाजूला चालू लागले. टेकाडाच्या उतरणीला मागच्या हंगामात उपसलेल्या मातीचा ढिगारा होता. चाळून, खापरं वेचून, पाट्यापाट्यांनी फेकलेली माती. एक पावसाळा अंगावर घेऊन ती घट्ट बसली होती.

“मुकादम, तो ढिगारा आहे!” केतकी ओरडली. “मागच्या वर्षीची चाळलेली माती आहे ती.”

“व्हय.”

सोनबा ढिगाऱ्यापाशी मांडी घालून बसले आणि त्यांनी खुरपं चालवायला सुरुवात केली.

केतकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय, असं तिला वाटून गेलं. मग तिला वाटलं, आपली थट्टा चाललीय. पाच मिनिटांत ती दोन्ही विसरली.

असा हात तिनं पाहिलाच नव्हता. खुरपं मातीत शिरतंय की नुसतं तिच्यावरून फिरतंय, हे कळत नव्हतं. खांदा हलत नव्हता, मनगट तेवढं फिरायचं. मधूनच सोनबा थांबायचे, तळहात मातीवर ठेवायचे, पुन्हा सुरू करायचे. सत्तरी उलटलेला माणूस उन्हात बसला होता आणि त्याच्या श्वासाची लयसुद्धा बदलत नव्हती. जॉर्डनमध्ये तिला ज्यांनी शिकवलं ते उत्तम लोक होते. पण या हातापुढे ते शिकाऊच ठरले असते, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं.

ती कधी खाली बसली, तिला समजलं नाही.

बाराच्या सुमारास सोनबांनी खुरपं बाजूला ठेवलं आणि उपरण्यानं मान पुसली.

ढिगाऱ्यात एक भिंत उभी होती.

चारेक हात लांब, दोन हात रुंद, गुडघाभर उंच. एका टोकाला काटकोनात वळलेला कोपरा. अंगावर मातीचे थर, एकावर एक, कुणी गवंड्यानं रचावेत तसे. ते कुठून आले, हे केतकीला माहीत होतं. मागच्या वर्षी बायकांनी पाट्या ओतल्या, त्यांचेच ते थर.

“ही बी घ्या,” सोनबा म्हणाले. “दोन झाल्या.”

केतकी ढिगाऱ्याजवळ सरकली.

“ही... ही खोटी आहे.”

“व्हय. आन ती?”

केतकीनं वळून चराकडे पाहिलं. नदीवर एक टिटवी ओरडत गेली.

“तिथं काळी रेघ आहे,” ती शेवटी म्हणाली.

सोनबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत हिणवणं असतं तर तिला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं.

“ताई, दोरी कुणी लावली व्हती?”

“मी.”

“कदी?”

“तिसऱ्या दिवशी.”

“तिसऱ्या दिशी भितीचं अंग दिसत व्हतं?”

केतकीला तिसरा दिवस आठवला. जॉर्डनमध्ये खरी भिंत लागायची तेव्हा बाहेरची भरावाची माती आपण होऊन सुटायची. हात लावला की गळून पडायची आणि मागचं अंग गुळगुळीत उघडं व्हायचं. ते हाताला कळायचं, डोळ्यांच्या आधी. इथं माती सुटली नव्हती. एकदाही नाही. तिनं ती कापली होती. मऊ लागली तिथं थांबली, कठीण लागली तिथंही थांबली, आणि मग कंटाळून खुंट्या ठोकून दोरी ताणली. नंतरचे चौदा दिवस ती दोरीबरहुकूम खणत गेली. तिच्या हाताला हे सगळं तेव्हाच कळलं होतं. तिनं त्याला बोलू दिलं नव्हतं.

“मी ती आडवी कापून बघू?” तिनं विचारलं.

“तुमची हाय. तुमी ठरवा.”

“पण कापली आणि खरी निघाली तर? तीन हजार वर्षं टिकलेली वस्तू मी मोडली असं होईल. तेही समिती यायच्या आदल्या दिवशी!”

“खरी आसली तर आत बी भितच घावंल.”

“आणि नसली तर माझ्याकडे उद्या दाखवायला काही उरणार नाही, काका.”

‘मुकादम’चं ‘काका’ कधी झालं, ते दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. सोनबा ढिगाऱ्याला टेकून बसले. त्यांनी भाकरी सोडली, अर्धी तिच्यापुढे धरली. तिनं घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली.

तिथून गाडी काढून तिला थांब्यावर जाता आलं असतं. सोनबांना नमस्कार करून एस.टी.त बसवता आलं असतं. उद्या पेंडसेसरांना सांगता आलं असतं, सोनबांनी पाहिली, भिंत नाही असं काही म्हणाले नाहीत. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःची लाज वाटली.

ती उठली. तंबूतून लहान कुदळ आणली आणि चरात उतरली.

भिंतीच्या बरोबर मध्ये ती उभी राहिली. सतरा दिवस. तिला भिंतीचा प्रत्येक सेंटीमीटर पाठ होता.

पहिला घाव तिनं डोळे मिटून घातला. दुसऱ्याला उघडले.

सोनबा काठावर येऊन बसले होते. त्यांनी मदत केली नाही आणि केतकीनंही मागितली नाही. दोन तास ती खणत होती. भिंतीला आरपार हातभर रुंद खाच पडली. मग तिनं खुरप्यानं खाचेची बाजू तासली आणि ओंजळीनं पाणी मारलं.

काळी रेघ उमटली.

तो लेप नव्हता; लेप अंगावरच थांबला असता. बोटभर जाडीचा राखेचा थर भिंतीच्या या अंगातून शिरून पोटातून सरळ पलीकडे गेला होता, जराही न थांबता. कुणाच्या तरी अंगणातली राख होती ती. चूल लोटून बाहेर टाकलेली, वर्षानुवर्षं. तिच्या वर आणि तिच्या खाली साधी पांढर. तिथं भिंत कधीच नव्हती. राख पसरली होती आणि केतकीनं तिच्या दोन्ही बाजूंनी माती कापून मध्ये तट उभा केला होता.

केतकी खाचेत बसली आणि रडली. चांगली दहा मिनिटं रडली. मग नाक पुसलं, फूटपट्टी घेतली आणि त्या खाचेचं चित्र काढायला लागली. राखेच्या थराची जाडी, उतार, मातीचा रंग, सगळं. एकही रेघ तिनं मनानं ओढली नाही. चित्राखाली नोंदवहीत लिहिलं : भिंत नाही. मीच कोरली.

वरून सोनबा ते लिहिणं बघत होते. त्यांना लांबून वाचता आलं असेल की नाही, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दहाला समिती आली. तिघंजण. डॉ. पेंडसे काठी टेकत पुढे झाले.

“सोनबानं पाहिली का?”

“पाहिली, सर. पण भिंत नाहीये. मी कोरली होती.”

मागचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पेंडसे खाली वाकून खाचेतली काळी रेघ बराच वेळ न्याहाळत राहिले. मग उतरणीला गेले आणि ढिगाऱ्यातली भिंत पाहिली. कोपऱ्यावरून त्यांनी हात फिरवला.

“हा कोपरा कुणाचा, ते सांगायला नको,” ते म्हणाले. “तुझी नोंदवही दे.”

त्यांनी नोंदवही वाचली, मिटली आणि स्वतःच्या बॅगेत ठेवली. “पुढच्या हंगामाचं कळवू,” एवढंच बोलून ते गाडीत बसले. ना हो, ना नाही. केतकीला विचारायचा धीर झाला नाही.

रात्री तंबूत मुक्काम केलेल्या सोनबांना ती दुपारी एस.टी.च्या थांब्यावर सोडायला गेली. गाडी यायला वेळ होता. दोघं लिंबाच्या पारावर टेकले.

तिनं विचारलं, “काका, तुमच्या हातून कधी कोरली गेली? भिंत?”

सोनबांनी बोट वर केलं. “येक.”

“कुठं?”

त्यांनी लांब कुठेतरी हात केला. “हाय आजून. वर पत्रा घातलाय तिच्या. लोकं लांबून बगाया येत्यात.”

“आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“सांगितलं की, सायबास्नी. दुसऱ्याच दिशी.”

“मग पाडली का नाही?”

एस.टी. धूळ उडवत आली. सोनबांनी पिशवी खांद्याला लावली आणि पायरीवर एक पाय ठेवून ते मागे वळले.

“कुदळ माझ्याच हातात व्हती, ताई... घाव घाल म्हननारं कुनी नव्हतं.”