काल्पनिक विहीर

फार फार पूर्वी, नकाशे काढायची पद्धत पडण्याआधी, एक गाव होतं. ते एका सरळ, अरुंद रस्त्यावर वसलेलं होतं. दोन्ही बाजूंना इतकं काटेरी रान होतं, की तिकडे पाऊल टाकायची कुणालाच सवय नव्हती.

रस्त्याच्या मधोमध एक दगड होता. त्याला सगळे शून्य म्हणत. तिथून पूर्वेची पावलं धन, पश्चिमेची ऋण. लोहार राहायचा धन चाळीसवर, कुंभारीण ऋण बारावर. ऋण म्हटलं की पाठ फिरवायची आणि पुन्हा ऋण म्हटलं की परत पहिल्यासारखं उभं राहायचं, हा तिथल्या मुलांचा खेळ होता. जो चुकेल त्याला गावाची पावलं मोजणारे म्हातारे मोजणीदार आजोबा टपली मारत.

एका वर्षी गावातली एकुलती एक विहीर आटली. रस्त्यावर जागोजागी खणून पाहिलं, सगळीकडे कातळ लागला. शेवटी गाव सोडायचं ठरलं आणि लोक सामान बांधू लागले. कुंभारणीला मात्र आपली भट्टी बरोबर नेता येणार नव्हती.

शून्याच्या दगडावर पूर्वजांनी कोरून ठेवलं होतं: 'पूर्वेकडे तोंड करा. जे वळण दोनदा घेतलं की एक ऋण होतं, ते एकदाच घ्या. तीस पावलांवर पाणी आहे.'

हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं आणि सगळे त्याला हसत. मोजणीदार म्हणत, "दोनदा पाठ फिरवली तरी तोंड पूर्वेला. एकदाही नाही फिरवली तरी पूर्वेलाच. तिसरं वळण आणायचं कुठून?"

निघायच्या आदल्या दिवशी कुंभारीण उरलेल्या ओल्या मातीचं शेवटचं मडकं घडवत होती. काठावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. चाक सावकाश थांबत आलं, तेव्हा पूर्वेचा ठसा पश्चिमेला गेला. पण जाता जाता तो क्षणभर रानाकडे तोंड करून होता.

तिने चाक हाताने मागे घेतलं आणि पुन्हा फिरवून पाहिलं. पाव फेरी. आणखी पाव फेरी.

ती फारशी बोलत नसे. तरी मातीच्या हातांनीच दगडापाशी गेली आणि जमलेल्या लोकांसमोर रानाकडे वळून उभी राहिली.

"कुंभारीणबाई, तिकडचं पाऊल धन म्हणायचं की ऋण?" मोजणीदारांनी विचारलं.

"दोन्ही नाही, आजोबा."

"मग ती काल्पनिक पावलं झाली. जा, काल्पनिक पाणी भरून आण."

लोक हसले. लोहार तेवढा हसला नाही. डावीकडे वळायचं की उजवीकडे, असं त्याने विचारलं. तिने विचार करून सांगितलं, की कुठल्याही एका बाजूला दोनदा वळलं तरी पाठच फिरते. म्हणून दोन्हीकडे जाऊन बघावं लागेल.

लोहाराने कोयता घेतला आणि दोघं काटे तोडत निघाले. उजवीकडे तीस पावलांवर उघडा खडक होता. डावीकडे तीस पावलांवर बाभळींच्या मधोमध हिरवागार लव्हाळा उगवला होता. तिथे दोन पुरुष उंचीइतकं खोल खणलं आणि पाणी लागलं.

बांधलेलं सामान पुन्हा सोडलं गेलं. हळूहळू रानातही घरं झाली. आता पत्ता सांगायला दोन संख्या लागू लागल्या: एक रस्त्यावरच्या पावलांची, दुसरी रस्त्याबाहेरच्या. लोहाराचं नवं घर धन चाळीस आणि सात काल्पनिक. थट्टेत दिलेलं नाव तसंच राहिलं.

एका सकाळी मोजणीदार घागर घेऊन विहिरीवर आले. या विहिरीचा पत्ता कसा सांगायचा, असं त्यांनी कुंभारणीला हळूच विचारलं.

"शून्य आणि तीस काल्पनिक," ती म्हणाली.

ते पुटपुटत पाठ करत परत निघाले. डोक्यावरची घागर मात्र खरोखरच जड होती.

म्हणून, एखाद्या प्रश्नाला उत्तरच नाही असं म्हणण्याआधी आपण किती दिशांना पाहिलं, ते मोजावं.