ठकूचा न संपणारा डाव

आमच्या डोंगरावर माझ्याइतका हुशार माणूस नाही! म्हशीला विचारून घेतलंय, ती नाही म्हणाली नाही. फक्त ठकू गवळण समोर आली, की मी तो विषय काढत नाही.

झालं असं, की रणपिसे सरकारांनी माथ्यावरचं अख्खं पठार तारेत घेतलं आणि स्वतःपुरतं गोल्फचं मैदान केलं. ठकूची डेअरीला जायची वाट नेमकी त्याच्या मधनं! वळसा घालून जावं, तर डेअरीची गाडी निघून जाई आणि दूध नासे. मग घरात चूल पेटायची कशावर?

एका सकाळी ठकू डोक्यावर किटली घेऊन तारेखालनं आत शिरली, ती थेट सरकारांच्या पुढ्यात! सरकारांच्या काठ्यांची पिशवी माझ्या खांद्यावर. म्हटलं, चला, झुडपांत चेंडू शोधण्यापेक्षा ही मजा बरी.

"बाहेर हो!" सरकार गरजले. "इथं फक्त खेळणाऱ्यानं पाय टाकायचा!"

"मग खेळू द्या की मला."

सरकारांच्या मिशा फुरफुरल्या. "असं? तो झेंडा दिसतो? त्याच्या बुडाशी भोक आहे. एका फटक्यात चेंडू भोकात घाल, वाट कायमची तुझी!"

"आन् एका फटक्यात न्हाई गेला तर?"

"तर जाईपर्यंत मारत राहा! चेंडू पडेल तिथूनच पुढचा फटका. चेंडूला कुणी हात लावायचा नाही, खेळणाऱ्याला कुणी अडवायचं नाही. पण डाव संपला, की तू बाहेर! नियम म्हणजे नियम. मोडला तर मी रणपिसे नाही!"

ठकूनं किटली खाली ठेवली, काठी घेतली आणि अंगणातली गोवरी सारावी तसा चेंडू सारला. झेंड्याकडं नाही हो, डेअरीकडं! किटली उचलून चेंडूमागं गेली. पुन्हा सारला. पुन्हा गेली. तारेपाशी चेंडू सोडला आणि बाहेर पडली. येताना तोच चेंडू तसाच अलीकडं आणला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गाडी चुकेना, दूध नासेना. आठवडाभरात सरकार लालबुंद!

"ठकू! हा काय चावटपणा? डाव संपव!"

"संपवते की. पर चेंडू पडलाय तिथनंच मारायचा न्हवं? मी नियम मोडू व्हय?"

"अगं, झेंडा तिकडं आहे!"

"दिसतोय की! पर कुठल्या अंगाला मारायचं, ते तुमी कुठं सांगितलंत?"

सरकारांनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. मग सरकार असे गदगदून हसले, की डोक्यावरची टोपी गवतात!

"सरकार, टोपीही पडली तिथंच ठेवायची का?" मी विचारलं.

"गप रे!" ते डोळे पुसत म्हणाले. "ठकू, डाव चालू आहे तोवर वाट तुझी. ही काठीही तुझी. आणि आजपासून माझ्या पाहुण्यांचा चहा तुझ्याच दुधाचा!"

ठकूनं किटली डोक्यावर घेतली. सरकारांना आता चेष्टा सुचली. "पण काय गं, एखाद्या दिवशी चेंडू चुकून भोकात गेला तर?"

"नेम धरून तुमचा जात न्हाई, सरकार. माझा चुकून कसा जाईल?"