थेलरने सोडलेल्या जागा

“पण मास्तर, रिकाम्या जागा भरल्या, यात माझं चुकलं काय?” सुकृतने विचारलं.

हिवाळे मास्तर गावातल्या चर्चमध्ये जन्मभर ऑर्गन वाजवत आलेले. सुकृतची बोटं त्यांनीच वळवली. पुढे तो अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथल्या एका ग्रंथालयात त्याला अमोस थेलर सापडला. दोनशे वर्षांपूर्वीचा, खेड्यातला ऑर्गनवादक. त्याने रचलेल्या चाली आता कुणी वाजवत नव्हतं. नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

सुकृत त्या चालींचं पुस्तक काढत होता. थेलरने मध्ये मध्ये सोडलेल्या रिकाम्या जागा त्याने स्वतःच्या सुरांनी भरल्या होत्या. छापायला देण्याआधी त्याला मास्तरांचा आशीर्वाद हवा होता, म्हणून तो गावच्या चर्चमध्ये आला होता.

उपासाच्या दिवशी पुढे आलेलं ताट सरकवावं, तसे मास्तरांनी कागद हलकेच बाजूला केले.

“अमेरिकेतल्या माणसाचा गृहपाठ तपासून आलास म्हण की!”

“थट्टा नको, मास्तर. चाल रंगात येते आणि हा गडी मध्येच थांबतो. लोक म्हणतील, याला पुढचं सुचलंच नाही. हसतील. आणि पुन्हा विसरतील त्याला.”

“तुला आवडतो ना तो?”

“जीव लावलाय मी त्याला.”

“बरं. मग वाजवून बघू. तू भरलीयस तशीच चाल.”

मास्तरांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. ऑर्गनमध्ये वारा भरणारी मोटर थांबली.

“मोटर…?”

“थेलरकडे होती का?” मास्तरांनी ऑर्गनमागे बोट दाखवलं. तिथे भात्याची जुनी लाकडी दांडी होती. “जा. वारा घाल.”

सुकृत हसत मागे गेला आणि दांडी दाबू लागला. सूर उमटले.

थोड्या वेळाने त्याचं हसू गेलं. सदरा पाठीला चिकटला, दंड भरून आले. चाल काही थांबेना. थांबायची प्रत्येक जागा त्यानेच बुजवली होती.

“मास्तर… जरा…”

मास्तर वाजवत राहिले.

सुकृतचा हात सुटला. भाता बसला. सूर लोंबत खाली आले आणि विझले. मग नुसती त्याची धाप ऐकू येत राहिली.

“आता थेलरचं मूळ,” मास्तर म्हणाले. “धर दांडी.”

चाल रंगात आली… आणि थांबली. सुकृतचे हात दांडीवर तसेच टेकले. त्याने पोटभर श्वास घेतला. चाल पुन्हा सुरू झाली.

ती संपल्यावर सुकृतने दांडीच्या झिजलेल्या लाकडावरून बोटं फिरवली.

“त्याच्या मागे दांडीवर कोण असायचं, मास्तर?”

“ते त्याला माहीत.”

मास्तर गुडघ्यावर हात देऊन उठले. सावकाश मागे आले आणि त्यांनी सुकृतच्या हातातली दांडी काढून घेतली.

“अहो, तुम्ही नका! या वयात…”

“बस तिकडे. तुझी आणि थेलरची, दोन्ही प्रती समोर आहेत. हवी ती वाजव.”