पाटीवरचा आकडा

एकदा एका औद्योगिक वसाहतीत विजेच्या मोटारींचे एक वृद्ध जाणकार राहत असत. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. जळालेली मोटार नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देणे आणि मोटारींच्या रक्षणासाठी योग्य तो रिले निवडून बसवणे, हा त्यांचा व्यवसाय. दुकानावर त्यांच्या नावाची मोठी पाटी होती, आणि त्या नावाचा लौकिक असा, की कोऱ्या मोटारीलाही वस्तादांचा हात लागल्याशिवाय लोकांना चैन पडत नसे. मागल्या वर्षी वस्तादांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. काही दिवस वसाहत हळहळली. मग वस्ताद पुन्हा दुकानात येऊन बसू लागले, आणि लोक ती शस्त्रक्रिया विसरून गेले. असे विसरणे लोकांना फार सोयीचे असते.

वस्तादांचा एक शिष्य होता, दिगंबर. हुशार, कष्टाळू, गुरूवर जीव टाकणारा. दुकान आता खरे तर तोच चालवत होता. पण गिऱ्हाईक पाटी वाचून येई आणि पाटीवर नाव वस्तादांचे. म्हणून काम जरा अवघड निघाले, की दिगंबर त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन जाई. आपण गुरूचा मान राखतो आहोत, असे त्याला अगदी मनापासून वाटे.

तुरीच्या हंगामात एका डाळ मिलचा जुना रिले निकामी झाला. ज्यांचा या वस्तूशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगायचे, तर रिले म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीत, स्टार्टरमध्ये, बसणारा एक पहारेकरी. मोटारीने ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढायला सुरुवात केली, की तो थोडा वेळ वाट पाहतो आणि वीज तोडतो. त्याच्या अंगावर एक लहानशी चकती असते. किती विजेपर्यंत गप्प बसायचे, तो आकडा तिच्यावर लावून द्यावा लागतो. आकडा फार खाली लावला, तर पहारेकरी उगाच शिट्ट्या मारतो. फार वर लावला, तर घर जळून गेल्यावर जागा होतो.

दिगंबरने रीतसर काम केले. मोटारीच्या अंगावरची धातूची पाटी पुसून तिच्यावरचा आकडा वाचला, त्याला साजेसा रिले निवडला, बसवला, आणि चकती नेमकी त्या आकड्यावर आणली. त्यात कोणी चूक काढली नसती. पण मिलचे शेठ अडून बसले. "वस्तादांनी बघितल्याशिवाय मी बटण दाबणार नाही," ते म्हणाले.

दिगंबर दुकानात आला. वस्ताद खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"शेठ ऐकत नाहीत. तुम्हाला यावं लागतंय."

वस्तादांनी डोळे उघडले. "उद्या गेलं तर चालणार नाही का रे?"

"पाचच मिनिटांचं काम आहे, वस्ताद. तुम्ही नुसता हात लावा, बाकी मी आहेच की."

वस्ताद उठले. ते नेहमीच उठत.

मिलमध्ये मोटार उंच ओट्यावर होती. लोखंडी जिन्याच्या मध्यावर वस्ताद कठडा धरून थांबले. दिगंबर त्यांची पिशवी घेऊन वर पोचलाही होता. त्याने वरून पाहिले, आणि त्याच्या मनात आले ते एवढेच, की शेठ खोळंबले आहेत.

मोटार सुरू झाली, तूर पडू लागली. वस्तादांनी मोटारीच्या अंगावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग त्यांनी ती बंद करायला लावली आणि म्हणाले, "छिन्नी-हातोडी दे."

कुणाला काही कळायच्या आत त्यांनी मोटारीच्या पाटीच्या रिबिटा उडवल्या, पाटी काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. त्यानंतर स्क्रू ड्रायव्हरने रिलेची चकती दिगंबरने लावलेल्या आकड्याच्या बरीच खाली आणली.

शेठ जवळजवळ ओरडलेच. "अहो वस्ताद, हे काय आरंभलंय? ही मोटार माझ्या वडिलांनी आणली. खंडेनवमीला आम्ही त्याच पाटीला हळदकुंकू लावतो! आणि आकडा खाली आणलात, म्हणजे हंगामात रिले सारखा वीज तोडत राहणार."

दिगंबरही गोंधळला होता. "वस्ताद, मी पाटीवरचाच आकडा लावला होता."

"म्हणूनच पाटी काढली," वस्ताद म्हणाले. ते मोटारीशेजारी ओट्यावर टेकले आणि दम घेत बोलू लागले. "शेठ, पाटीवरचं काही खोटं नाही. पण ती मोटार कारखान्यातून निघाली त्या दिवशीची आहे. त्यानंतर ही जळली, आम्ही भरून दिली. पुन्हा जळली, पुन्हा भरली. दरवेळी तार नवी आली. आतलं लोखंड मात्र तेच, आणि प्रत्येक जळण्यात ते थोडं थोडं गेलं. पाटी तेवढी तशीच राहिली. तुम्ही तर तिला पुसून हळदकुंकू लावता. मग जो येतो तो पाटी वाचतो आणि हिच्या तरुणपणावर भार टाकतो. मोटारीची जात अशी, की तिला नाही म्हणता येत नाही. जेवढं लादाल तेवढं ओढते आणि आतल्या आत तापते. म्हणून तिच्या वतीनं 'पुरे' म्हणणारं कुणीतरी शेजारी बसवायचं. आणि तो आकडा पाटीला विचारून लावायचा नसतो. हात लावून, आज तिला काय झेपतं ते बघून लावायचा. तुम्ही माल जरा कमी सोडा, शेठ. ही अजून पुष्कळ चालेल."

शेठ थोडे कुरकुरले, पण माल कमी सोडायला कबूल झाले. दिगंबर तर भारावून गेला होता. असा गुरू लाभायला भाग्य लागते, असे त्याला वाटले. परतताना स्कूटरवर तो वस्तादांचीच वाक्ये त्यांना पुन्हा ऐकवत होता. "काय बोललात, वस्ताद! तिला नाही म्हणता येत नाही!"

वाटेत दिगंबरचा फोन वाजला. एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, स्टार्टर बिघडून मोटार सुरूच होत नव्हती, आणि तिथल्या मालकांनाही वस्तादच हवे होते.

"वाटेतच आहे, वस्ताद," दिगंबर म्हणाला. "पाचच मिनिटं."

वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "चल."

फाउंड्रीत स्टार्टरच्या पेटीवर वाकलेले वस्ताद पुन्हा सरळ उभे राहिले नाहीत. दिगंबरने त्यांना झेलले. डॉक्टरांनी प्राण वाचवले. वाचा गेली आणि उजवा हात गेला. कुठल्याही मोटारीच्या अंगावर टेकला, की तिचे दुखणे ओळखणारा तो हात आता चादरीवर पडून असे.

दिगंबर रोज त्यांच्या घरी जाऊ लागला. एके दिवशी वस्तादांच्या पत्नीने, काकूंनी, त्याच्या हातावर ती मोटारीची पाटी ठेवली. "यांच्या सदऱ्याच्या खिशात निघाली. तुझ्या कामाची असेल बघ."

दिगंबरने पाटीवरच्या आकड्यावरून अंगठा फिरवला. मग त्याला राहवले नाही. "काकू, मला ते एकदा जरी म्हणाले असते, की आता नाही होत, तर मी त्यांना हलूसुद्धा दिलं नसतं. ते कधीच कसं नाही म्हणाले?"

काकूंनी वस्तादांच्या अंगावरची चादर सारखी केली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच दिगंबरला अधिक लागले. "म्हणायचे की रे. 'उद्या गेलं तर चालणार नाही का,' असं तुला विचारायचे ना? त्यांचं 'नाही' तेवढंच असायचं."

दिगंबरला तो प्रश्न आठवला. त्या दिवशीचा आठवला, त्याच्या आधीचे कितीतरी आठवले, आणि प्रत्येकाला आपण दिलेले तेच उत्तरही आठवले. ज्या दुपारी गुरूने त्याला पाटी न वाचता हात लावून पाहायला शिकवले, त्याच दुपारी तो गुरूला पाटी वाचूनच पुढच्या कामाला घेऊन गेला होता. शब्द त्याने सगळे पाठ केले होते. पण ते कुणाविषयी असू शकतील, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. तो रडला, आणि त्याने ते लपवले नाही.

तिथून तो थेट दुकानी गेला, शिडी लावली आणि वस्तादांच्या नावाची पाटी उतरवली. शेजारचा दुकानदार धावत बाहेर आला. "अरे, हे काय! वस्ताद अजून आहेत ना?"

"आहेत," दिगंबर म्हणाला. "ते हृदयाची शस्त्रक्रिया होऊन घरी आले, तेव्हाच हे करायला हवं होतं."

डाळ मिलची ती मोटार अजून चालते आहे. तिच्या अंगावर पाटी नाही, माल थोडा कमी पडतो, आणि खंडेनवमीला शेठ हळदकुंकू रिलेला लावतात. दिगंबर रोज संध्याकाळी वस्तादांच्या उशाशी बसतो, त्यांच्या निश्चल हातावर आपला तळहात टेकवतो, आणि काही विचारत नाही.

आपल्याही घरात एखादे माणूस जुन्या पाटीवरच्या आकड्याइतका भार ओढत असेल, आणि त्याने "उद्या चालेल का?" असे विचारले, तर "हो" म्हणावे.