आवडीनं हिरू तांडेलाला पाडलं

फार वर्षांपूर्वी, आडबंदरला धक्का नव्हता आणि गलबतं शिडांवर चालत, तेव्हाची ही गोष्ट. हिरू तांडेल नावाचा एक दर्यावर्दी तापानं फणफणला आणि जहाजानं त्याला दूर जपानच्या एका बंदरात उतरवून दिलं. तिथे एका म्हाताऱ्या गुरूनं त्याला बरं केलं आणि ज्युदो शिकवला. समोरच्याचंच बळ वळवून त्याला पाडायची ती विद्या. पण गुरूनं आधी शिकवलं ते पाडायला नाही, पडायला.

तोकुजी नावाचा त्याचा जोडीदार होता. दोघं वाकून एकमेकांना नमस्कार करत आणि मग आलटून पालटून पडत. एके दिवशी डाव रंगात असतानाच हिरूला घरी आणणारं जहाज आलं आणि डाव अर्धा राहिला. हिरू रडला. गुरू म्हणाला, "तुला पाडेल असं माणूस गावात तयार कर. मग परत ये."

हिरूनं घरासमोर भाताचा पेंढा पसरला, त्यावर जुनं शीड ताणलं आणि गावाला हाक दिली. गडी आले, पण पडायला कोणी तयार होईना. आमच्याकडच्या कुस्तीत पाठ टेकली की माणूस हरला.

"पाठ मातयेक लागली काय मरद संपलो!" असं म्हणून मिशांना पीळ देत सगळे घरी गेले. मोडेन पण वाकणार नाही, ही आमची जुनी खोड.

मग हिरू रोज संध्याकाळी समुद्राला वाकून नमस्कार करी आणि लाटेशी झोंबी घेई. असं म्हणतात, त्याचा नमस्कार होईपर्यंत लाट जागच्या जागी थांबायची. पण लाट काही तोकुजी नव्हे. पाण्यातून बाहेर आला की तो पूर्वेकडे तोंड करून किती तरी वेळ बसून राही.

अशी वर्षं गेली, आणि एक दिवस आवडी आली. तिचा नवरा पाडेली होता, माडावर चढून नारळ काढणारा. तो माडावरून पडून गेला होता, आणि आता पोरांसाठी ती स्वतः चढत होती.

"तांडेलानू, माका चढूक येता, पण पडूक येणा नाय," ती म्हणाली. "माका शिकवा."

"माणूस पडान मरणा नाय गो," हिरू म्हणाला. "आखडान मरता."

हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि पडताना हाताचा जमिनीवर सपकन तडाखा. आवडी शिकत गेली. पुढे एका वादळात तिच्यासकट माड मोडला. असं म्हणतात, तिच्या हाताचा तडाखा खाडीपलीकडच्या गावात ऐकू गेला आणि खालची जमीन कापसासारखी मऊ झाली. आवडी उठली, कासोटा घट्ट केला आणि शेजारच्या माडावर चढली. त्यानंतर सगळे पाडेली पेंढ्यावर आले. मिशावालेही आले, जरा उशिरानं.

आवडी मग पाडायलाही शिकली. पण हिरूला मात्र ती कधी पाडू शकली नाही. ऐन वेळी तिचा हात सैल पडायचा. लोक म्हणत, बाईमाणसाच्या बळाला मर्यादा असतेच. लोकांना काय कळतंय! हिरू पडला की जाणार, हे आवडीला ठाऊक होतं. तिला तो हवा होता, एवढंच.

हिरूचे केस पिकू लागले. एका संध्याकाळी आवडीनं त्याला पूर्वेकडे बघत बसलेलं पाहिलं आणि तिचं काळीज हललं. तिनं त्याला पेंढ्यावर बोलावलं, नमस्कार केला आणि असा पाडला की शीड फाटलं.

हिरू पडल्या पडल्या हसत होता. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं.

"तुका कधीपासून येत होता?" त्यानं विचारलं.

"जावा आता," आवडी म्हणाली.

तो गेला. असं म्हणतात, वारा पडलेला असूनही त्याचं गलबत पूर्वेकडे सरळ चालत गेलं. तो पोचला की नाही, कोणालाच माहीत नाही.

आडबंदरला अजूनही प्रत्येक पाडेली आधी पेंढ्यावर पडायला शिकतो. शिकणाऱ्यानं शिकवणाऱ्याला पाडलं की शिक्षण संपलं. मग शिकवणाऱ्यानं उठून, मागे न बघता निघून जायचं, आणि त्या दोघांनी पुन्हा कधी एकत्र पेंढ्यावर उतरायचं नाही.

माझी नात माझ्याकडेच शिकते. यंदाही तिनं मला पाडलं नाही. तिला येतं, हे मला ठाऊक आहे. मीही विचारत नाही.